न वाजवलेल्या ठोक्याचं श्रेय

जुलै १९७२. 'येस' या इंग्लिश बँडचं नाव तेव्हा अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर गाजत होतं. आदल्या वर्षीचा 'फ्रॅजाइल' हा अल्बम अमेरिकेच्या विक्रीयादीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचला होता. लंडनच्या अ‍ॅडव्हिजन स्टुडिओत 'क्लोज टू द एज' नुकता पूर्ण झाला होता आणि अमेरिकेचा नवा दौरा काही दिवसांवर आला होता. नेमक्या त्याच वेळी बँडचा २३ वर्षांचा ड्रमर बिल ब्रुफर्ड 'येस' सोडून 'किंग क्रिम्झन'मध्ये गेला. 'क्रिम्झन'ची विक्री 'येस'च्या तुलनेत कमी होती, त्यातले वादक सतत बदलत होते आणि पुढे काय वाजवायचं हेही अजून ठरलेलं नव्हतं. ब्रुफर्डच्या जागी आलेल्या अ‍ॅलन व्हाइटला तयारीसाठी जेमतेम तीन दिवस मिळाले आणि ३० जुलैला तो डॅलसच्या मंचावर बसला. सप्टेंबरमध्ये 'क्लोज टू द एज' बाजारात आला, अमेरिकेत तिसऱ्या आणि ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकावर गेला, आणि ज्याच्या ड्रम्सवर तो उभा होता तो माणूस तोवर दुसऱ्याच बँडच्या तालमीत होता.

पैशांच्या हिशेबात हा निर्णय बसत नाही. ब्रुफर्डच्या संगीताच्या हिशेबात मात्र तो चोख बसतो. 'क्लोज टू द एज'चं ध्वनिमुद्रण महिनोन्‌महिने चाललं होतं. एकेका तुकड्यावर तासन्‌तास खल होई, तो जोडला जाई, तोडला जाई. या पद्धतीने जेवढं उत्तम घडू शकतं तेवढं घडून गेलं, आता इथे थांबलो तर हेच पुन्हा वाजवत राहावं लागेल, असं ब्रुफर्डला वाटलं. ज्या संगीतात उद्या काय होईल हे आज माहीत नसतं, ते त्याला हवं होतं. त्याच्या चाळीस वर्षांच्या कारकिर्दीत हीच निवड पुन्हा पुन्हा दिसते आणि त्याच्या ठेक्यातही तीच ऐकू येते. रॉकमध्ये ड्रमरची किंमत जोर, वेग आणि लांबलचक सोलो यांवर ठरत होती, त्या काळात काय वाजवायचं, काय सोडायचं आणि कुणासोबत वाजवायचं, हे ठरवणं हेच ड्रमरचं मुख्य काम आहे, हे त्याने करून दाखवलं.

ब्रुफर्डचा जन्म १७ मे १९४९ रोजी केंट परगण्यातल्या सेव्हनओक्सचा. वडील जनावरांचे डॉक्टर. घर सुखवस्तू, शिक्षण टनब्रिजच्या नामवंत शाळेत. ड्रम्सचं वेड लागलं ते टेलिव्हिजनमुळे. बीबीसीवर त्या काळी अमेरिकन जॅझ वादकांचे कार्यक्रम दाखवत. बहिणीने त्याला ब्रशची जोडी आणून दिली आणि रेकॉर्डच्या पुठ्ठ्याच्या वेष्टनावर ते फिरवत तो पडद्यावरच्या वादकांना साथ करू लागला. खऱ्या ड्रम्सआधी हातात ब्रश आले, म्हणजे आघाताआधी घर्षणाचा नाजूक आवाज आला. कान असा घडल्यामुळे पुढे रॉकच्या गोंगाटातही तो शाबूत राहिला.

त्याची दैवतं जॅझमधली होती. मॅक्स रोचने ड्रम्सवर एकट्याने गाण्यासारखी रचना उभी करता येते हे दाखवलं होतं. आर्ट ब्लेकीकडे सगळ्या संचाला पुढे रेटण्याची ताकद होती. डेव्ह ब्रूबेकच्या चौकडीतला जो मोरेलो पाच मात्रांचा ठेका सहज, हसतखेळत वाजवायचा. मोरेलोच्या प्रवासाला मुंबईचाही स्पर्श आहे. १९५८ मध्ये ब्रूबेकची चौकडी अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या दौऱ्यावर भारतात आली, तेव्हा मोरेलो तिच्यात होता आणि मुंबईत ब्रूबेकने सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासोबत वादन केलं होतं. पुढच्याच वर्षी त्याच चौकडीचा 'टाइम आउट' आला. पाच आणि नऊ मात्रांच्या त्या रचनांनी इंग्लंड-अमेरिकेतल्या हजारो पोरांना चारच्या पलीकडे मोजायला लावलं. सेव्हनओक्सचा बिल त्यांतलाच एक.

त्या पिढीच्या इंग्लंडमध्ये जॅझमधून रॉककडे येणं हा ड्रमरांचा नेहमीचा रस्ता होता. 'क्रीम'चा जिंजर बेकर, 'रोलिंग स्टोन्स'चा चार्ली वॉट्स आणि जिमी हेन्ड्रिक्सला साथ करणारा मिच मिचेल या सगळ्यांचे कान जॅझवर तयार झाले होते. फरक एवढाच की रॉकमध्ये नाव, प्रेक्षक आणि पैसा होता. १९६८ मध्ये ब्रुफर्डने 'मेलडी मेकर' या साप्ताहिकात जाहिरात दिली. तिला प्रतिसाद देणाऱ्यांत गायक जॉन अँडरसन आणि बासवादक ख्रिस स्क्वायर होते. त्यातून 'येस' उभा राहिला आणि ऑगस्ट १९६८ मध्ये एसेक्समधल्या एका युवा शिबिरात त्याचा पहिला कार्यक्रम झाला. त्याच शरदात ब्रुफर्ड अर्थशास्त्र शिकायला लीड्स विद्यापीठात निघूनही गेला होता. पण पुस्तकांत मन रमेना आणि नोव्हेंबरपर्यंत तो परतला. २६ नोव्हेंबरला रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये 'क्रीम'चा निरोपाचा कार्यक्रम झाला, त्यात सुरुवातीला वाजवणाऱ्यांत 'येस' होता. एका जॅझ ड्रमरने रॉकमध्ये गाजवलेला अध्याय संपत होता आणि त्याच मंचावर दुसऱ्याचा सुरू होत होता.

'येस'मधल्या ब्रुफर्डला ओळखायची पहिली खूण म्हणजे त्याचा स्नेअर ड्रम. काठी कातड्यावर आणि कडेच्या धातूवर एकाच वेळी पडायची, त्यामुळे आवाज टणत्कारासारखा, घुमणारा येई. यामागे निकड होती. त्या काळात लहान सभागृहांत ड्रम्सना वेगळे माइक क्वचितच असत. स्क्वायरची बास गिटार जाड, खरखरीत आणि मोठ्या आवाजाची. तिच्यावरून ऐकू जायचं तर असाच आघात हवा होता. निकडीतून आलेला हा आवाज पुढे त्याची सही ठरला. नंतरच्या कित्येक ड्रमरांनी आपापल्या स्नेअरमधून तो काढायचा प्रयत्न केला आहे.

दुसरी खूण आघाताच्या जागेची. रॉकचा रुळलेला ठेका चार मात्रांचा आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर स्नेअरचा ठोका. ऐकणाऱ्याचं शरीर त्याच जागेची वाट पाहतं. ब्रुफर्ड तिथे थांबायचा आणि ठोका अर्धी मात्रा आधी किंवा नंतर टाकायचा. तबल्याच्या ठेक्यात खालीच्या जागी डग्ग्याची घुमारी काढून घेतली जाते, आणि त्या कमी झालेल्या आवाजामुळेच आपण आवर्तनात कुठे आहोत हे श्रोत्याला कळतं. ब्रुफर्डच्या वादनात असंच घडतं. नेहमीच्या जागी ठोका नसतो म्हणून कान जागा होतो आणि मोजू लागतो. सरळ चार मात्रांचं गाणंही मग सरळ वाटत नाही.

१९७१ च्या 'द येस अल्बम'मध्ये 'पर्पेच्युअल चेंज' नावाची रचना आहे. तिच्या एका भागात बँड जणू दोन होतो. दोन वेगळी संगीतं, दोन वेगळ्या मोजण्या, एकाच वेळी दोन कर्ण्यांतून चालतात आणि पुन्हा एकत्र येतात. 'फ्रॅजाइल'मध्ये प्रत्येक वादकाने स्वतःची एक छोटी रचना द्यायची असं ठरलं, तेव्हा ब्रुफर्डने दिलेली रचना ३५ सेकंदांची निघाली. अल्बमच्या एका पूर्ण बाजूएवढ्या रचना ज्या काळात भूषण मानल्या जात होत्या, त्या काळात एका ड्रमरने स्वतःच्या नावावर अर्ध्या मिनिटाहून थोडंच अधिक घेतलं. 'क्लोज टू द एज'ची मुख्य रचना जवळजवळ १९ मिनिटांची आहे, पण तिच्यातही ब्रुफर्ड जागा भरायला धावत नाही. बास आणि स्नेअर यांच्यामधली मोकळी हवा ऐकू येते, आणि इतक्या लांब रचनेला ती हलकं ठेवते.

'किंग क्रिम्झन'च्या नव्या संचात गिटारवादक रॉबर्ट फ्रिप, बासवादक आणि गायक जॉन वेटन, व्हायोलिनवादक डेव्हिड क्रॉस आणि तालवादक जेमी म्यूर होते. म्यूर मुक्त उत्स्फूर्त वादनाच्या चळवळीतून आला होता. त्याच्याभोवती साखळ्या, पत्रे, घंटा आणि नाना प्रकारच्या वाजणाऱ्या वस्तूंचा पसारा असे. अंगावर प्राण्याची कातडी आणि तोंडात नकली रक्ताची कॅप्सूल घेऊन तो मंचावर वावरे. 'येस'च्या शिस्तीतून आलेल्या ब्रुफर्डला या माणसाने काही महिन्यांत हलवून सोडलं. संगीत तुझी सेवा करायला नाही, तू संगीताच्या सेवेला आहेस, हा म्यूरचा धडा ब्रुफर्डने आयुष्यभर मानला. मार्च १९७३ मध्ये 'लार्क्स टंग्ज इन अ‍ॅस्पिक' आला, तोवर म्यूर बँड सोडून स्कॉटलंडमधल्या बौद्ध मठाकडे वळला होता. दोघांचं काम आता ब्रुफर्डला एकट्याला करायचं होतं. त्याने म्यूरचे पत्रे आणि घंटा आपल्या ड्रम्सभोवती मांडून घेतल्या.

त्याच मार्चमध्ये ब्रुफर्डचं लग्न झालं. लग्नाच्या मेजवानीत म्यूर आणि 'येस'चा जॉन अँडरसन यांची गाठ पडली. म्यूरने अँडरसनला परमहंस योगानंदांच्या 'एका योग्याची आत्मकथा' या पुस्तकाविषयी सांगितलं. त्यातल्या शास्त्रग्रंथांविषयीच्या एका तळटिपेवर अँडरसनने कल्पनेचा डोलारा उभारला आणि वर्षअखेरीस 'येस'चा चार बाजूंचा 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' आला. ब्रुफर्डने सोडलेला बँड अधिकाधिक विस्ताराकडे गेला, आणि ब्रुफर्ड स्वतः नेमका उलट्या दिशेला.

ती दिशा २३ नोव्हेंबर १९७३ रोजी अ‍ॅमस्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाऊ सभागृहात स्पष्ट झाली. कार्यक्रमात 'क्रिम्झन' काही वेळ ठरवून न ठरवलेलं वाजवत असे. त्या रात्री क्रॉसच्या व्हायोलिनवर एक संथ, कोवळी सुरावट उमटली. वेटनने बासवर तिला हलकेच आधार दिला, फ्रिपने मेलोट्रॉन या कळवाद्यावर बासरीचा सूर धरला. ब्रुफर्डने काठ्या छातीवर आडव्या धरल्या आणि शेवटपर्यंत एकही ठोका दिला नाही. आत शिरायची संधी क्षणाक्षणाला होती. उत्स्फूर्त वादनात गप्प बसणाऱ्याला आपण मागे पडतोय असं वाटतं, आणि ड्रमरला तर जास्तच. तो मोह त्याने शेवटच्या सुरापर्यंत आवरला. हे वादन 'ट्रिओ' या नावाने १९७४ च्या 'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक' या अल्बममध्ये घेतलं गेलं आणि रचनेचं श्रेय चौघांनाही देण्यात आलं. ब्रुफर्डला ते त्याच्या संयमासाठी मिळालं. रॉकच्या इतिहासात ड्रमरच्या कामाची इतकी नेमकी दखल क्वचितच घेतली गेली असेल.

हाच माणूस कडक आणि ओबडधोबड आवाजालाही घाबरत नव्हता. 'रेड' या पुढच्या अल्बमच्या वेळी तालमीच्या जागी कचऱ्यात त्याला एक सिंबल सापडली, कडा वाकलेली, टाकून दिलेली. तिचा पत्र्यासारखा, चटकन विझणारा आवाज त्याने 'वन मोअर रेड नाइटमेअर' या गाण्यात वापरला आणि गाण्याचा चेहराच ठरवला. अल्बम बाजारात यायच्या जरा आधी, सप्टेंबर १९७४ मध्ये, फ्रिपने बँड मोडला. पंचविशीतल्या ब्रुफर्डच्या नावावर तेव्हा इंग्लिश प्रोग्रेसिव्ह रॉकचे अनेक उत्तम अल्बम होते, पण हातात बँड नव्हता.

पुढची दोन-तीन वर्षं त्याने इथे तिथे साथ करण्यात काढली. 'जेनेसिस' या बँडमधून गायक पीटर गॅब्रिएल गेल्यावर ड्रमर फिल कॉलिन्सने गायचं ठरवलं आणि १९७६ च्या दौऱ्यात ड्रम्सवर ब्रुफर्ड बसला. काम मोठं होतं, मोबदला चांगला होता. पण दुसऱ्याने रचलेले ठेके रोज रात्री तसेच्या तसे वाजवायचे, ही नोकरी त्याला मानवली नाही. त्या दौऱ्यातल्या 'सिनेमा शो'चं पॅरिसमधलं मुद्रण 'सेकंड्स आउट'मध्ये आहे, ते ऐकताना त्याचा स्नेअर ठरल्या वाटेवरून बाहेर पडायला सतत धडपडताना जाणवतो.

मग त्याने स्वतःच रचनाकार व्हायचं ठरवलं. तो पियानोपाशी बसून सुरावटी आणि स्वरमेळ लिहू लागला. १९७८ च्या 'फील्स गुड टू मी'मध्ये गिटारवर अ‍ॅलन होल्ड्सवर्थ, कीबोर्डवर डेव्ह स्टुअर्ट आणि बासवर अमेरिकेचा जेफ बर्लिन होते. पुढच्या वर्षीचा 'वन ऑफ अ काइंड' त्याहून नेटका झाला. ड्रमरच्या नावाचा बँड म्हटलं की लांब सोलो येणार ही अपेक्षा त्याने मोडली. या अल्बमांत सुरावट पुढे असते आणि ड्रम्स तिला आकार देतात. मधल्या काळात वेटन, होल्ड्सवर्थ आणि एडी जॉब्सन यांच्यासोबत 'यू. के.' हा बँडही निघाला, पण त्यातल्या दोघांना मोठ्या मैदानांचा रॉक हवा होता आणि ब्रुफर्ड-होल्ड्सवर्थ यांना जॅझचं मोकळेपण. एका अल्बमनंतर ते वेगळे झाले. लंडनमध्ये तोवर पंकचं वारं सुटलं होतं. तीन सूर आणि तीन मिनिटं यांवर श्रद्धा असलेल्या नव्या पिढीला 'येस'-'जेनेसिस'चं जग जुनाट वाटू लागलं होतं. अशा हवेत सात आणि नऊ मात्रांचे जॅझ-रॉक बँड चालवणं खर्चिक होतं, आणि १९८० मध्ये ब्रुफर्डचा बँड थांबला.

१९८१ मध्ये फ्रिपने पुन्हा हाक मारली. अमेरिकेचे एड्रियन बेल्यू आणि टोनी लेव्हिन यांना घेऊन नवा 'किंग क्रिम्झन' झाला. फ्रिपच्या डोक्यात इंडोनेशियातल्या गामेलान संचासारखी वीण होती. दोन गिटारी छोट्या आकृत्या सतत वाजवतात आणि त्या एकमेकींपासून हळूहळू सरकत जातात. या विणीत सिंबलचा सततचा छणछणाट नको होता. ज्या हाताने बहुतेक ड्रमर हाय-हॅटवर, म्हणजे पायाने मिटणाऱ्या सिंबलच्या जोडीवर, वेळ मोजतात, तोच हात ब्रुफर्डला काढून घ्यावा लागला. ड्रमरच्या दृष्टीने ही घराची एक भिंत पाडण्यासारखी गोष्ट. त्याने ती मानली आणि मोकळ्या झालेल्या जागेत सिमन्स कंपनीचे षटकोनी इलेक्ट्रॉनिक ड्रम्स आणि आफ्रिकेचा लाकडी ड्रम आणला. 'डिसिप्लिन', 'बीट' आणि 'थ्री ऑफ अ परफेक्ट पेअर' या तीन अल्बमांत ड्रम्स कधी वेळ मोजतात, कधी सुरावट वाजवतात आणि कधी दोन्ही एकदम करतात.

इलेक्ट्रॉनिक ड्रम्समध्ये त्याला मोठी शक्यता दिसली. रबरी तबकडीवर काठी मारली की पूर्ण स्वरमेळ उमटू शकतो, म्हणजे ड्रमर एकाच वेळी पियानोवादकही होऊ शकतो. १९८६ मध्ये त्याने जँगो बेट्स आणि इयन बॅलमी या तरुण जॅझ वादकांना घेऊन 'अर्थवर्क्स' सुरू केला तो याच आशेवर. पुढच्या वर्षी आलेल्या पहिल्या अल्बमपासून लोकांना ड्रमर स्वरमेळ वाजवताना दिसला. पण ती यंत्रं लहरी होती. तारा, जोडण्या आणि स्मृती सांभाळताना संगीताचा वेळ जाई. १९९३ मध्ये तो संच थांबला. १९९० च्या दशकाच्या मध्यात 'किंग क्रिम्झन' सहा जणांचा झाला, तेव्हा दुसरा ड्रमर पॅट मॅस्टेलोटो मुख्य ठेका धरायचा आणि ब्रुफर्ड त्याच्या आडवा वाजवायचा. एक मोजणार, दुसरा त्या मोजणीवर प्रश्न विचारणार.

दशकाच्या अखेरीस त्याने पुन्हा कातडी ड्रम्स घेतले आणि 'अर्थवर्क्स' नव्याने उभा केला, या वेळी पूर्णपणे जॅझचा. ड्रम्सची मांडणीही बदलली. सगळे ड्रम्स सपाट, एका रेषेत, आणि हाय-हॅट मधोमध, म्हणजे डावा आणि उजवा हात समान पातळीवर आले. हातांना लागलेली सवय मोडायची तर ड्रम्सच हलवायला हवेत, हा त्यामागचा विचार. पियानोवादक पॅट्रिक मोराझसोबत १९८५ मध्ये केलेल्या 'फ्लॅग्स' या अल्बममध्ये त्याने मॅक्स रोचची 'द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस' ही एकट्या ड्रम्ससाठीची रचना वाजवली होती. आता तो त्याच वंशावळीतल्या संगीतात मुक्कामाला आला होता. स्टेडियमच्या जागी छोटे क्लब आले, हजारोंच्या जागी शेकडो श्रोते. त्याच्या ठेक्यातल्या बारकाव्यांना मात्र हीच जागा योग्य होती.

१ जानेवारी २००९ रोजी त्याने मंचावरून निवृत्ती घेतली. त्याच वर्षी आत्मचरित्र आलं. त्यात त्याने आपल्या शंका, पैशांची ओढाताण आणि वयाबरोबर वाढत गेलेली मंचावरची धास्ती निर्भीडपणे मांडली. मग तो सरे विद्यापीठात गेला. अर्धशतकापूर्वी अर्थशास्त्र सोडून आलेला मुलगा २०१६ मध्ये डॉक्टरेट घेऊन बाहेर पडला. ड्रम्सच्या वादनात सर्जनशीलता नेमकी कुठे असते, हा त्याचा विषय. अनुभवी ड्रमरांशी बोलून तो अशा निष्कर्षाला आला की ती एकट्याच्या हातात नसते. वादक जे निवडतो ते इतरांना अर्थपूर्ण वाटायला हवं, आणि त्या देवाणघेवाणीतच ती जन्मते. २०१८ मध्ये 'अनचार्टेड' या पुस्तकात त्याने हे सविस्तर लिहिलं. मधल्या २०१७ मध्ये 'येस'ला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. ब्रुकलिनच्या त्या सोहळ्याला ब्रुफर्ड हजर होता, पण त्याने ड्रम्स वाजवले नाहीत. ती जागा अ‍ॅलन व्हाइटची होती.

तेरा-चौदा वर्षांच्या विरामानंतर, सत्तरी ओलांडल्यावर, तो पुन्हा ड्रम्सकडे वळला आणि गिटारवादक पीट रॉथच्या त्रिकुटात लहान जॅझ क्लबांत वाजवू लागला. नाव रॉथचं आणि ब्रुफर्ड साथीला. ज्याला आयुष्यात दोनदा-तीनदा मोठी प्रसिद्धी सोडता आली, त्याला हे जमणं साहजिक आहे. आज प्रोग्रेसिव्ह रॉकचे जुने अल्बम पुन्हा ऐकले जातात तेव्हा त्यातला थाट आणि लांबी पुष्कळदा खटकते, पण ब्रुफर्डचे ठेके अजून ताजे वाटतात. कारण ते कौशल्य दाखवण्यासाठी वाजवलेले नाहीत. त्यांतला प्रत्येक ठोका, आणि गाळलेलाही प्रत्येक ठोका, सोबतच्या वादकाचं ऐकून ठरवलेला आहे. साथ करणारा हाही संगीताचा रचनाकार असतो, हे त्याने चाळीस वर्षं वाजवून आणि मग संशोधन करून सिद्ध केलं. ते मान्य केलं की ड्रम्स ऐकण्याची आपलीही रीत बदलते.